घरचं झालं थोडं, भाच्यानं धाडलं थेटर

आमच्या घरात हिशोबाची वही बायकोकडे असते. दूध, किराणा, गॅस, लाईटबिल, कोणाच्या लग्नात आपण काय आहेर केला आणि त्यांनी आपल्याला काय केला होता, सगळं त्यात. गेल्या दिवाळीनंतर या वहीत एक नवं खातं निघालं. पहिल्या पानावर त्याचं नाव ‘थेटर’ होतं. दुसऱ्या पानावर ते ‘यांचं थेटर’ झालं. तिसऱ्या पानापासून ‘किरकोळ’. मार्चअखेर मी सहज वही चाळली, तर ग्राफिक कार्डाची रक्कम ‘औषधपाणी’ या सदराखाली सापडली. विचारलं, तर म्हणाली, “आजारच हाय तो.”

आजाराची सुरुवात पंचावन्न इंची टीव्हीनं झाली. दिवाळीत हप्त्यावर घेतला. भिंतीवर लावल्यावर भिंतच दिसेना. भाचा पुण्याहून दिवाळीला आला, हिंजवडीत नोकरीला आहे. त्यानं दहा मिनिटं टीव्हीकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मामा, एवढ्या मोठ्या टीव्हीवर तुम्ही हळदीचे भाव बघायलाव?”

“मग काय बघू?”

“एक पीसी करा ना जोडून. होम थेटर पीसी. सगळे सिनेमे, फोटो, गाणी एका जागी. जुने पार्ट घेतले तर दहा हजारात होतंय.”

दहा हजार हा आकडा तो चहा पिता पिता बोलला आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसून निघून गेला. आकडा आमच्या घरी राहिला.

आता आमच्या गावाचं नाव ‘आखाडा बाळापूर’ म्हटलं की परमुलखातल्या माणसाला लाल माती आणि पैलवान आठवतात. आमच्या भागात आखाडा म्हणजे शेतातलं शेड. बैल, कडबा, खताची पोती, मोटारीचा स्टार्टर, एक बाज आणि कोपऱ्यात कशाचे ते कोणालाही न आठवणारे वायरचे तुकडे. हे मुद्दाम सांगितलं, कारण पुढच्या चार महिन्यांत आमची पुढची खोली हुबेहूब तशीच दिसायला लागली. फक्त बैल नव्हते. त्यांचं काम मी करत होतो.

पण माझ्या डोक्यात हे खूळ भाच्यानं घातलं असं म्हणणं खोटं होईल. ते चाळीस वर्षांपूर्वीचं आहे. १९८२च्या आशियाई खेळांच्या निमित्तानं देशात रंगीत टीव्ही आला आणि चार-पाच वर्षांत तो आमच्या गल्लीत भाड्यानं यायला लागला. गणपतीत, बारशाला, कोणाचं पोरगं दुसऱ्या खेपेला दहावी पास झालं तर वर्गणी काढून ‘व्हिडिओ’ आणायचे. व्हिडिओ म्हणजे नुसता व्हीसीआर नव्हे. पोत्यात गुंडाळलेला टीव्ही, व्हीसीआर, तीन कॅसेटी, वायरचं भेंडोळं आणि या सगळ्यांबरोबर येणारा ऑपरेटर. रात्री नऊला पहिला सिनेमा, बाराला दुसरा, तीनला तिसरा. पहिला देवाधर्माचा, दुसरा मारामारीचा. तिसरा कोणता ते कोणालाच सांगता यायचं नाही, कारण तोवर अख्खी गल्ली एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेली असे.

मला त्या ऑपरेटरचं फार नवल वाटायचं. तो सिनेमा बघायचाच नाही. टीव्हीकडे पाठ करून, भिंतीला टेकून, मफलर तोंडावर घेऊन पहिल्या गाण्याआधीच झोपी जाई. पण पडद्यावर मुंग्या आल्या, आडवी पट्टी सरकायला लागली, की कोणी न उठवता उठे. कॅसेट काढी, झाकण उघडी, खिशातली कोरी नोट हेडवरून फिरवी, कॅसेट आत ढकली आणि परत मफलर. हिरो मेला काय, जगला काय, त्याला सोयरसुतक नसे. एवढं थेटर हाताशी असून हा माणूस बघत कसा नाही, हे मला कळायचं नाही. तेव्हाच मी ठरवलं होतं, मोठेपणी आपल्या घरात आपलं थेटर असेल, आपण सगळ्यांच्या पुढं बसू, आणि पाठ करून बसणारा हा माणूस तिथं नसेल.

बायकोपुढं हे सगळं मांडलं. नुसत्या आठवणीनं भागेना, म्हणून मी इतिहासात शिरलो. मास्तरकीचा तेवढा एक फायदा. म्हणालो, “दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली विमा गहाण टाकला, लंडनला गेले, विल्यमसनचा कॅमेरा आणला. पैसे लावणाऱ्यांना पटावं म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून तो उगवताना दाखवला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. फिल्मला भोकं पाडायचं काम त्या रात्री जागून करायच्या, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. तेव्हा कुठं १९१३ च्या मे महिन्यात गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.”

ती शांतपणे भाजी निवडत होती. म्हणाली, “त्यांच्या नवऱ्यानं सिनेमा काढला. तुम्ही नुसता बघायला निघालाव.”

तरी दहा हजार मंजूर झाले. अट एकच, एक रुपया वर नाही.

भाच्यानं फोनवर यादी सांगितली. “मामा, कंपन्यांनी काढून टाकलेला आडवा, बारका डेस्कटॉप घ्या. सध्या लई स्वस्त झालेत.” स्वस्ताईचं कारणही त्यानं सांगितलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची देखभाल थांबवली. विंडोज ११ तर इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरला उंबऱ्याच्या आत घेत नाही. त्यामुळे कचेऱ्यांनी धडधाकट मशिनी एका सहीनिशी सेवानिवृत्त केल्या. आमच्या खात्यात अठ्ठावन्नाव्या वर्षी होतं, तेच. अंगात बळ असतं, पण कागदावर वय झालेलं असतं. या मशिनीवर बँकेचं काम करायचं नाही, पासवर्ड टाकायचे नाहीत, फक्त कोडी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून सिनेमे लावायचे. हे कोडीसुद्धा हौशी पोरांनीच केलेलं. २००२ च्या सुमाराला एक्सबॉक्स नावाच्या खेळाच्या डब्यावर सिनेमा दिसावा म्हणून त्यांनी खटपट सुरू केली आणि २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं. म्हणजे खेळायच्या वस्तूवर भलतंच काहीतरी करून बघणारी माणसं सगळीकडं आहेत, हे ऐकून मला बरं वाटलं.

“फक्त एक लक्षात ठेवा मामा. प्रोसेसर सातव्या पिढीचा पाह्यजे. सहावी पिढी घेऊ नका.”

“आम्ही सोयरीक करतानासुद्धा तीनच पिढ्या बघतो रे,” मी म्हणालो. तो हसला. मीही हसलो. तिथंच गफलत झाली.

रविवारी नांदेड गाठलं. बाळापूरहून नांदेडला जाताना वारंगा फाटा लागतो आणि वारंगा फाट्यावर खिचडी न खाता पुढं जाणाऱ्या माणसाच्या हातून कुठलंच काम धड होत नाही, अशी आमची श्रद्धा आहे. खिचडी खाल्ली. पुढं अर्धापूरच्या केळीच्या बागा बघत, मनात थेटरची आसनव्यवस्था लावत दुकानात पोचलो. दुकानदारानं दोन डबे पुढं ठेवले. दिसायला जुळे भाऊ. सातव्या पिढीचा नऊ हजार, सहाव्या पिढीचा साडेसात.

“गुरुजी, एका पिढीनं काय होतंय?” तो म्हणाला.

खरंच, एका पिढीनं काय होतं? माझ्यात आणि माझ्या मुलीत एकाच पिढीचं अंतर आहे. त्यावरून तरी कळायला हवं होतं. पण दीड हजार वाचत होते. मी सहावी पिढी बगलेत मारून घरी आलो. वहीत नोंद झाली: मशीन ७,५००. एचडीएमआय वायर १५०. एसटी, खिचडी, चहा वेगळे.

उद्घाटनाला भाच्याच्याच लग्नाचं शूटिंग लावायचं ठरलं. पुण्याच्या शूटिंगवाल्यानं फोर-केमध्ये, दहा बिटमध्ये करून दिलेलं. बहीण, दाजी, शेजारपाजार, सगळे बसले. आई पुढं, बाजेवर. मी सगळ्यांच्या मधोमध, अगदी ठरवल्यासारखा. नवरदेव-नवरी बोहल्यावर आले, मंगलाष्टका संपल्या, लोकांनी अक्षता उधळल्या आणि अक्षता हवेतच थांबल्या. भटजींचं तोंड उघडं. वाजंत्री मात्र वाजत होती. पाच सेकंदांनी अक्षता निम्म्या खाली आल्या आणि परत थांबल्या. आई म्हणाली, “पोरांचं लग्न लागलं का न्हाई रं?” शेवटी दाजींनी सांगितलं, लागलेलं आहे, मी हजर होतो.

रात्री भाच्याला फोन केला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, “मामा, कोणती पिढी?” मी खोकलो.

मग त्यानं समजावलं, आणि मला ते शाळेच्या भाषेत असं समजलं. चित्र उघडून दाखवायचं काम दोन प्रकारे होतं. ज्या पोराला एकोणतीसचा पाढा पाठ आहे, ते डोळे मिटून उत्तर देतं. ज्याला पाठ नाही, ते बोटं मोजतं, घामाघूम होतं आणि तोवर तास संपतो. चिपच्या आत विशिष्ट प्रकारचा व्हिडिओ उलगडायची सोय मुळातच कोरलेली असते, तो झाला पाठ पाढा. सहाव्या पिढीला एचईव्हीसी नावाच्या व्हिडिओ-प्रकाराचा आठ बिटचा पाढा पाठ आहे, दहा बिटचा नाही. सातव्या पिढीला दोन्ही येतात. आमचं मशीन बोटं मोजत होतं.

“आणि हे बिट म्हणजे काय?”

“रंग, मामा. आठ बिटमध्ये दर मूळ रंगाच्या २५६ छटा, मिळून एक कोटी सदुसष्ट लाख रंग. दहा बिटमध्ये १,०२४ छटा. सगळे मिळून १०७ कोटी.”

मी हे घरात मोठ्या अभिमानानं सांगितलं. बायको म्हणाली, “१०७ कोटीत हळद पिवळीच दिसणार ना?” आमच्या जिल्ह्यात हळदीच्या रंगावर कोणाशी वाद घालू नये.

उपाय होता: जीटी १०३० नावाचं छोटं ग्राफिक कार्ड. २०१७ चं. ताकद बेताची, वीज खाणार तीसेक वॅट, वेगळी वायर लागत नाही, पण दहा बिटचा पाढा खडा पाठ. पुन्हा नांदेड, पुन्हा खिचडी. जुनं कार्ड ३,२०० ला मिळालं. वाचवलेल्या दीड हजारासाठी बत्तीसशे, हे गणित मी पाचवीच्या वर्गाला घालणार नाही.

घरी येऊन झाकण उघडलं. कार्ड बसेना. आमचा डबा बुटका आणि कार्डाची मागची लोखंडी पट्टी उंच. अशा कार्डासोबत बुटक्या डब्यासाठी एक छोटी पट्टी येते. ती पहिल्या मालकानं जपून ठेवली असणार, कारण आपल्याकडं नको असलेली वस्तूच जपतात. पट्टी काढून टाकली तर कार्ड खोबणीत डुलायचं. टीव्हीवर चित्र येई, पण बाहेरून ट्रॅक्टर गेला की जाई.

शेवटी ते कार्ड घेऊन मी वेल्डिंगच्या दुकानात गेलो. हंगाम जवळ आला होता. दुकानापुढं हळद शिजवायचे कुकर, पॉलिशचे ड्रम, मोडकी वखरं यांची रांग. माझा नंबर एका रोटाव्हेटरनंतर लागला. त्यानं कार्ड तळहातावर घेऊन उलटंपालटं केलं.

“गुरुजी, ह्ये कशाचं हाय?”

“सिनेमाचं.”

“कुठं ठोकायचं?”

“ठोकायचं नाही. एवढी पट्टी कापायची आणि वरून काटकोनात वाकवायची.”

त्यानं पट्टी कार्डापासून सोडवली, शिकंज्यात धरली, करवतीनं कापली, हातोडीचे दोन ठोके देऊन वाकवली आणि पैसे घेतले नाहीत. “येवढ्याचं काय घ्यावं,” म्हणाला. चार महिन्यांच्या सगळ्या प्रकरणात पहिल्या झटक्यात जमलेली वस्तू हीच. आजही ती पट्टी काटकोनात आहे. वायर मात्र बदलावी लागली. दीडशेवाल्या वायरीतून फोर-के चित्र मधूनमधून अंतर्धान पावायचं. साडेचारशेची आणली, मग ठरलं.

यातच एसएसडी मागवली होती. जुनी हार्डडिस्क चालू व्हायला एवढा वेळ लावायची, की तोवर बायकोच्या दोन भाकरी व्हायच्या. २५६ जीबीची, सोळाशे रुपयांची. मोबाईलवर रोज बघायचो, पार्सल कुठवर आलं. एके दिवशी लिहून आलं, ‘बाळापूरला पोचले’. मी दिवसभर दारात. दुसऱ्या दिवशीही ‘बाळापूरला पोचले’. तिसऱ्या दिवशी फोन आला, “सर, पत्ता सापडेना. किल्ल्याजवळ उभा हाय.” आमच्या गावात किल्ला नाही. तो अकोला जिल्ह्यातल्या बाळापुरात उभा होता. तिथं किल्ला आहे, नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे, सगळं पाहण्यासारखं आहे. माझ्या एसएसडीनं ते पाहिलं. पत्त्यावर मी ‘आखाडा’ हा शब्द लिहिला होता, पण कोणाला तरी तो व्यायामशाळेचा पत्ता वाटला असावा. आठ दिवसांनी ती यात्रा करून घरी आली.

आता चित्र चालायला लागलं होतं. पण पंखा.

आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो नावाची प्रयोगशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एकमेकींशी काटकोनात. दूर अंतराळात दोन कृष्णविवरं आदळली, की अवकाशातून जी थरथर निघते ती टिपायची. अमेरिकेतल्या अशा यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा टिपली ती टक्कर सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वीची होती. भुजेची लांबी प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहून कमी बदलली तरी या यंत्राला कळतं. त्यामुळं जागा हवी ती अगदी गप्प. जमीन हलणारी नको, जवळ धडधड नको. साऱ्या देशात शोधून शोधून त्यांना आमचा जिल्हा गप्प वाटला.

त्यांनी माझ्या मशीनचा पंखा ऐकला नव्हता. सिनेमात दोन माणसं हळू बोलायला लागली की हा हळद पॉलिश करायच्या ड्रमसारखा सुरू व्हायचा. नवलाची गोष्ट म्हणजे उपमा नुसती उपमा राहिली नाही. फेब्रुवारी-मार्चात आमच्याकडं हळद शिजते, वाळते आणि पॉलिश होते, तेव्हा हवेत पिवळी धूळ असते. झाकण उघडून पाहिलं, तर आतून मशीन हळदीला बसलेलं. पंख्याच्या पात्यांवर, जाळीवर, कानाकोपऱ्यात पिवळा थर. ब्रशनं झाडलं. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळून खपली झाली होती, ती खरवडून नवी लावली. प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूत नीट जावी म्हणून ही पेस्ट असते. ती वाळली की उष्णता अडते आणि बिचारा पंखा जीव तोडून फिरतो. ३५० रुपयांत आवाज निम्म्यावर आला. २,६०० कोटींचा प्रकल्प वाचवल्याचं समाधान मला वाटलं. वहीत त्याची नोंद नाही.

मग आवाजाची कथा. घरात जुने दोन स्पीकर आणि एक धम्म वाजणारा डबा होता, तेच जोडले. एका मराठी सिनेमाची डीव्हीडी लावली. पाऊस ऐकू यायचा, बैलगाडीची चाकं ऐकू यायची, लांबून कोंबडा आरवायचा. फक्त माणसं बोलायची नाहीत. नायक-नायिका वीस मिनिटं समोरासमोर तोंडं हलवत होती आणि मागं सनई. आई म्हणाली, “बोलत कामून न्हाईत? भांडलेत का?” बायको म्हणाली, “लग्नाला पंचवीस वर्षं झाली असतील.”

कारण साधं होतं, पण मला सापडायला तीन रात्री लागल्या. मी ऐटीत कोडीमध्ये ‘५.१’ निवडलं होतं. त्यात आवाजाच्या सहा वाटण्या होतात आणि संवाद बहुतेक सगळे मधल्या स्पीकरच्या वाट्याला जातात. आमच्याकडं मधला भाऊच नाही. त्याचा वाटा परस्पर हवेत जात होता. ‘२.०’ केलं आणि नायिका एकदम ओरडली. आई दचकून बाजेवरून उठली.

यंत्र उभं राहिलं, तरी चालवणं उरलंच होतं. टीव्हीचा रिमोट टीव्हीलाच ओळखतो, पीसीला नाही. एका रिमोटनं दोन्ही चालावीत अशी सोय एचडीएमआयच्या वायरीत आहे, पण पीसीच्या ग्राफिक कार्डात ती बहुतेक नसतेच. म्हणून अकराशेचा, बोट फिरवायची पाटी असलेला बिनवायरचा कीबोर्ड आला. आई त्याला सुपारीचं तबक समजून जवळ ओढते आणि बाजेवर बसताना त्यावरच बसते. त्या दिवशी सिनेमा आपोआप पुढं गेला, मागं गेला, मग पडद्यावर अरबी अक्षरं आली. भिंतीवर मी एक तक्ता लावला, अगदी शाळेच्या वेळापत्रकासारखा. आधी टीव्ही लावणे. मग ‘एचडीएमआय २’. मग पीसीचे बटण एकदाच दाबणे. ‘एकदाच’ खाली दोन रेघा. पाहुणे चहा पितापिता तक्ता वाचतात आणि “सवडीनं बघू” म्हणून उठतात.

लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. म्हणून २,६०० चा यूपीएस. तो लाईट गेल्यावर अशा काही आर्त स्वरात ओरडतो, की शेजारी विचारायला येतात.

एकदा असाच विचारायला शेजारचा नववीतला पोरगा आला. माझा सगळा पसारा त्यानं कंबरेवर हात ठेवून पाहिला. म्हणाला, “काका, आमच्या टीव्हीला मागं एक काडी लावली पप्पांनी. तीन-साडेतीन हजाराची. रिमोटमध्ये बोललं की सिनेमा लागतंय.”

मी त्याला म्हणालो, “त्यात ग्राफिक कार्ड आहे का?”

“काय म्हाईत. पण तक्ता नाही लागत.”

वर्गात असता तर उभा केला असता. पोराचं खरंच होतं. पैसे भरून बघायच्या ॲपचं चित्रसुद्धा त्या काडीवर कित्येकदा पीसीच्या ब्राउझरपेक्षा चांगलं येतं. चोरी होऊ नये म्हणून त्या कंपन्या कुलूप बघून माल देतात. काडीत कुलूप यंत्रातच घातलेलं असतं, ब्राउझरचं बहुतेक वेळा नुसत्या सॉफ्टवेअरचं. म्हणजे अठरा हजारांचा दरवाजा उघडा आणि तीन हजारांची काडी कडीकोयंड्याची. बायकोला हे मी सांगितलेलं नाही. तिनं फक्त बेरीज करून वही माझ्यापुढं सरकवली. मशीन ७,५००, प्रवास-खिचडी ४२०, दोन वायरी ६००, कार्ड ३,२००, एसएसडी १,६००, पेस्टसकट साफसफाई ३५०, कीबोर्ड १,१००, यूपीएस २,६००. एकूण १७,३७०. खाली तिनं नऊशे रुपयांची आणखी एक नोंद केलेली. ती माझी नव्हती.

“हे काय?”

“माझे. आपल्या लग्नाची कॅसेट नांदेडला देऊन पेन ड्राइव्हवर करून आणली. तुमचं थेटर हाय ना? मग लावा.”

पाडव्याला लावली. १९९८ चं लग्न. हिंगोली जिल्हा व्हायला वर्ष बाकी होतं, म्हणून कॅसेटच्या सुरुवातीला झळकणाऱ्या पत्रिकेवर ‘मु. पो. आखाडा बाळापूर, जि. परभणी’. मग फुलाच्या पाकळ्या उघडून आतून नवरीचा चेहरा, बदामात माझा, बदाम गरगर फिरून दोन पोपट. व्हीएचएसचं चित्र ते, जेमतेम २४० रेघांचं. लाल रंग साडीतून बाहेर सांडलेला. १०७ कोटी रंगांच्या तयारीत बसलेल्या माझ्या मशीनला एवढ्यासाठी घामही फुटला नाही. पण खोली गच्च भरली होती. दर मिनिटाला कोणी तरी ओरडायचं, “ती बघ, मावशी!” “ह्यो कोण रं, एवढे केस?” जे आता नाहीत ते पंगतीत बसून जिलबी मागून घेत होते. त्यांना बघताना आई बाजेवर गप्प झाली होती. बायको सगळ्यांच्या पुढं, अगदी मधोमध बसली होती.

मी कपाटाजवळ, मशीनला कान लावून. पंखा बरा होता, पण विश्वास नव्हता. टीव्हीकडं पाठ येत होती, पण तिथूनच वायरींवर हात पोचायचा. रात्रीचं जागरण, गार फरशी, उपरणं तोंडावर. कधी डोळा लागला कळलं नाही.

एकदम खोली काळोखी झाली. आवाज बंद. मी कोणी न उठवता उठलो. आधी यूपीएस चाचपला, चालू होता. मग एचडीएमआयची वायर दाबली, कार्डाची पट्टी दाबली, उकिडवा बसून प्लग हलवून पाहिला. मागं सगळी खोली हसत होती. आई हसत होती, दाजी मांडीवर थाप मारत होते.

“अरे, हसायलाव काय? चित्र गेलंय!”

“बाबा,” मुलगी म्हणाली, “चित्र नाही गेलं. तुमच्या लग्नात लाईट गेली होती. मागं बघा, मागं बघा!”

मी वळेपर्यंत झालेलं होतं. मला नंतर सगळ्यांनी मिळून सांगितलं ते असं. मंडपातली लाईट गेली, चित्र काळं झालं. मग शूटिंगवाल्यानं बॅटरीचा दिवा लावला, तर बोहल्यावर नवरी एकटी. नवरदेव नाही. कॅमेरा इकडं फिरला, तिकडं फिरला आणि मंडपाच्या कोपऱ्यात सापडला: मुंडावळ्या कपाळावर सारून, सगळ्यांकडं पाठ करून, उकिडवा बसून मेनस्विचचा फ्यूज बघताना. पडद्यावर तो तसा आणि पडद्याखाली मी असा, दोघांची पाठ एकाच वेळी दिसत होती म्हणे.

“सत्तावीस वर्षं झाली,” बायको सगळ्यांना सांगत होती, “तोंड इकडं कराया तयार न्हाईत.”

मला ते बघायचं होतं. फक्त दोन मिनिटं मागं घ्यायचं होतं. कीबोर्ड शोधला. तो आईच्या खाली होता.

“आता कशाला मागं घेतूस,” आई म्हणाली, “आम्ही बघितलं की. तू त्या पंख्याकडं बघ, पुन्हा वाजायलाय.”